फोन ठेवल्यावर कापलेली गाडी

कानसेनला खऱ्या नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. जुन्या इटालियन गाड्या शर्यतीसाठी तयार करायचं त्याचं वर्कशॉप शहराच्या टोकाला, एक फर्निचरचा कारखाना आणि एक मोठी लाँड्री यांच्या मधे होतं. इंजिन चालू करायचं, मान तिरकी करायची, डोळे मिटायचे आणि कुठल्या सिलिंडरला काय दुखतंय ते सांगायचं, ही त्याची ख्याती. तानसेन व्हायला गळा लागतो, ह्याचं नुसत्या कानावर भागलं, असं कोणीतरी गमतीनं म्हणालं आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलं. बायकोसुद्धा फोन उचलून "थांबा, कानसेनना देते" म्हणायची. सुटे भाग मागवणं, कागदपत्रं सांभाळणं आणि गिऱ्हाइकांना आजचं उद्यावर ढकलणं हे सगळं तिच्याकडे होतं.

दातांचा डॉक्टर जेव्हा ती राखाडी गाडी घेऊन आला, तेव्हा कानसेन हात पुसत बाहेर आला आणि हात पुसायचाच थांबला. दोन दारांची, बुटकी, बावन्न वर्षांची गाडी, आणि अंगावर गंजाचा ठिपका नाही. ह्या जातीच्या गाड्यांचा पत्रा म्हणजे पापड, दाराखालच्या पट्ट्या तर हमखास कुजलेल्या. त्यानं खाली निजून टॉर्च मारला, बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. सगळीकडून एकच खणखणीत आवाज आला. असा सांगाडा दहा वर्षांत एकदा मिळतो. त्यावर शर्यतीची गाडी बांधली तर ट्रॅकवर लोक विचारतील, ही कोणाच्या हातची.

डॉक्टरला नेमकं तेच हवं होतं. गाडी वडिलांची, त्यांनी तरुणपणी नवी घेतलेली. वडील जमिनीची मोजणी करणारे अधिकारी होते, ह्याच गाडीतून डोंगर-दऱ्या पालथ्या घालून आलेले. काचबिंदूनं डोळे गेले, लायसन्स गेलं, तेव्हा गाडी मुलाच्या नावावर झाली. आता त्याला ती जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरवायची होती, तीही ह्याच मोसमात.

"बाबांना माहीत आहे ना?" कानसेननं विचारलं.

"बाबांना आता काहीच दिसत नाही हो," डॉक्टर म्हणाला.

कानसेननं विचारलं होतं एक आणि उत्तर आलं होतं भलतंच. कानसेनला ते कळलं नाही असं नाही. इंजिनातली बारीकशी टकटक ज्याला ऐकू येते, त्याला एवढं ऐकू येणार नाही? पण सांगाडा डोळ्यांसमोर होता. त्यानं किल्ली घेतली.

पहिल्या दोन आठवड्यांत आतलं सगळं निघालं. सीटा, गालिचे, दारांची अस्तरं, छताचं कापड. तळाला चिकटलेला डांबराचा थर गरम करकरून खरवडला तेव्हा दोन बादल्या भरल्या. सीटा आणि लाकडी पट्टीचा डॅशबोर्ड डॉक्टरनं दुसऱ्या एका शौकिनाला देऊन टाकला. इथपर्यंत तसं काही बिघडलं नव्हतं. काढलेलं परत लावता येतं. कापलेलं येत नाही.

चाकांवरच्या कमानी कापायचा दिवस उजाडला. रुंद टायर आत बसायचे तर कमान तीन बोटं वर कापून बाहेर फुगवावी लागते. कानसेननं चारी बाजूंना खडूनं रेघ आखली, पुन्हा मोजली, ग्राइंडर हातात घेतला आणि तेवढ्यात बायको फोन घेऊन आली. तिनं तो पुढे केला.

पलीकडे म्हाताऱ्याचा आवाज होता, सावकाश आणि स्वच्छ. मी गाडीचा मालक बोलतोय, म्हणजे आधीचा, असं म्हणून ते स्वतःशीच हसले. मुलानं नीटसं काही सांगितलं नाही, पण गाडी तुमच्याकडे आहे असं लेकीकडून कळलं, म्हणाले. मग त्यांनी दोन-तीन गोष्टी सांगितल्या. थंडीत तिला चोक जरा जास्त लागतो. दुसरा गिअर टाकताना घाई करायची नाही, दुसरा गिअर मानी आहे, त्याला एक क्षण मान द्यावा लागतो. डावीकडच्या काचेचं हँडल अर्ध्यावर अडतं, त्याला जोर लावायचा नाही. कानसेन 'हो काका, हो काका' करत होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर खडूची रेघ होती. डाव्या काचेचं हँडल काचेसकट आठ दिवसांपूर्वीच निघालं होतं. तिथं आता पातळ प्लास्टिकची काच बसायची होती.

"काय काम काढलंय तिचं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"सर्व्हिस," कानसेन म्हणाला. "तेलपाणी, ब्रेक. विशेष काही नाही."

"मग ठीक आहे. जाणत्या हातात आहे म्हटल्यावर मला काळजी नाही."

फोन ठेवला. बायको तिथंच उभी होती. "सर्व्हिस?" एवढंच ती म्हणाली. कानसेननं चष्मा डोळ्यांवर ओढला. अजून काही झालं नव्हतं. पाच मिनिटं थांबून डॉक्टरला फोन लावता आला असता, आधी वडिलांशी बोला मग मी कापतो, म्हणता आलं असतं. डॉक्टर चिडला असता, गाडी दुसरीकडे नेली असती, एवढंच. हे सगळं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्या सगळ्यासकट त्यानं ग्राइंडर चालू केला.

पुढचं काम मात्र त्यानं जीव ओतून केलं. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा वेल्ड केला. गाडी उलटली तर चालकाचा जीव ह्या पिंजऱ्यावर, म्हणून एकेक सांधा दोनदा तपासला. मागच्या सीटची जागा कापून शर्यतीची पेट्रोलची टाकी बसवली. इंजिन उघडून हेड घासलं, कॅमशाफ्ट बदलले, गिअरबॉक्सचे दातेच नवे टाकले, मानी दुसऱ्या गिअरसकट. चार महिन्यांनी गाडी जमिनीला टेकली तेव्हा ती पहिल्यापेक्षा बुटकी, रुंद आणि रागीट दिसत होती. लाँड्रीतली माणसंसुद्धा बघायला आली.

त्याच आठवड्यात डॉक्टर घामाघूम होऊन आला. वडिलांचा चौऱ्याऐंशीवा वाढदिवस होता आणि त्यांनी एकच मागितलं होतं: मला एकदा गाडीत बसवा. चालवायची नाही, नुसतं बसायचं. डॉक्टरनं चार सबबी सांगून पाहिल्या. म्हातारा ऐकेना. डॉक्टर स्टुलावर बसला, तळव्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला की आता लपवण्यात अर्थ नाही, आज घरी जाऊन सांगूनच टाकतो.

डॉक्टर सांगायला निघाला होता आणि त्याला अडवलं कानसेननं.

कारण डॉक्टरनं घरी सांगून टाकलं तर फोनवरची 'सर्व्हिस' उघडी पडणार होती. हे कारण त्यानं तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही. स्वतःला सांगितलं ते असं, की चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसाला कशाला धक्का द्यायचा. वर्कशॉपच्या कोपऱ्यात एका वकीलबाईंची तशीच गाडी कार्ब्युरेटरच्या कामासाठी आली होती. जात तीच, वय दोन वर्षांनी कमी, आतलं सामान जिथल्या तिथं. रंग पांढरा होता. पण रंगाचं काय?

"ती उभी आहे बघा," कानसेन म्हणाला.

डॉक्टरनं त्या पांढऱ्या गाडीकडे पाहिलं आणि मान डोलावली.

वाढदिवसाला सकाळी अकरा वाजता म्हातारेबुवा आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, हात लेकीच्या हातात. लेक डॉक्टरहून मोठी, शाळेत गणित शिकवणारी, सगळे तिला ताई म्हणत. वडिलांना तीच सांभाळत होती. गाडी राखाडी असायला हवी आणि समोर पांढरी आहे, हे तिला दारातच दिसलं. तिनं भावाकडे पाहिलं, भावानं नजर खाली घातली. ती बोलली नाही. वडिलांचा तो चेहरा पाहून कोणीच बोललं नसतं.

म्हातारा गाडीत बसला आणि त्याचे हात फिरायला लागले. स्टिअरिंगच्या तीन काड्या, त्यामागची दोन मोठी वर्तुळं, पायाशी जमिनीतून उगवलेली पेडलं. त्यानं दुसरा गिअर टाकून पाहिला, एक क्षण थांबून. मग हात डावीकडच्या काचेच्या हँडलवर गेला. हँडल फिरलं, न अडता, सरळ खालपर्यंत.

म्हातारा थांबला. पुन्हा वर केलं, पुन्हा खाली.

"मिस्त्री," तो म्हणाला, "बावीस वर्षं अडत होतं हे. तीन जणांनी हात टेकले होते. तुम्ही केलंत."

कानसेननं काय उत्तर दिलं ते त्याला पुढे कधीच आठवलं नाही. म्हातारा अर्धा तास बसला. घाटात एकदा ब्रेक तापले तेव्हाची गोष्ट सांगितली, बायको शेजारी बसून नकाशा उलटा धरायची ते सांगितलं, आणि ते सांगताना शेजारच्या सीटच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. ती सीट वकीलबाईंची होती. निघताना त्यानं कानसेनचा हात दोन्ही हातांत धरला. चार दिवसांनी पुड्यात बांधून त्याचे गाडी चालवायचे चामडी हातमोजे आले. सोबत ताईच्या अक्षरात चिठ्ठी होती, बाबांनी सांगितलं तसं लिहिलेली: मला आता उपयोग नाही, ज्यानं गाडी राखली त्याच्याकडे असावेत.

खाई त्याला खवखवे म्हणतात. कानसेनला ते कानात खवखवलं. वकीलबाईंच्या गाडीचे दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवायचे होते. कानाला नळी लावून दोन्हींचा श्वास ऐकायचा, दोन्ही सारखे ओढायला लागले की झालं. वीस वर्षांत ह्या कामाला त्याला कधी अर्ध्या तासावर वेळ लागला नव्हता. त्या दिवशी सकाळपासून दुपार झाली. डावा जुळला की उजवा फुसफुसे, उजवा जुळवला की डाव्याचा आवाजच ओळखू येईना. शेवटी त्यानं नळी टाकली आणि बायकोला म्हणाला की मी त्या म्हाताऱ्याकडे जाऊन सांगून येतो.

बायकोनं त्याला बसवून ठेवलं. तिचं म्हणणं सरळ होतं. सांगायची वेळ होती तेव्हा तुम्ही फोन हातात धरून होतात. आता त्या माणसाला आनंद झालाय, तो खोट्यावर का असेना, त्याचा आहे. तुम्ही सांगितलंत तर तुमचं ओझं उतरेल आणि ते त्याच्या डोक्यावर जाईल. कानसेनला हे पटलं. पटूनही तीन आठवड्यांनी एका रविवारी तो गेलाच. हातमोजे मात्र घरी ठेवले. परत नेऊन देणं त्याच्यानं झालं नाही.

ताईनं दार उघडलं. म्हातारा खिडकीशी बसला होता, आवाज ऐकून त्याचा चेहरा खुलला. शेजारच्या निवृत्त मास्तरांना त्यानं काचेच्या हँडलची गोष्ट दोनदा सांगितली होती, म्हणे. कानसेन उभ्या उभ्याच बोलायला लागला. थांबला असता तर बोलणं झालंच नसतं. गाडी शर्यतीसाठी कापली आहे. तुम्ही बसलात ती तुमची नव्हती. ती कल्पना डॉक्टरची नाही, माझी.

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम पडला नाही. आधी तो नुसता थांबला. मग हळूहळू, सभा संपल्यावर एकेक दिवा मालवावा तसा तो विझत गेला.

"कधी कापली?" त्यानं विचारलं.

"तुमचा फोन आला त्या दिवशी."

"आधी की नंतर?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती आणि ती फार सोपी होती. "नंतर," कानसेन म्हणाला.

"नंतर," म्हाताऱ्यानं म्हटलं. आकडा नोंदवून घ्यावा तसं. मग त्यानं विचारलं, मी बसलो ती कोणाची? एका वकीलबाईंची, कानसेननं सांगितलं. त्यांना विचारलं होतं? नाही. म्हाताऱ्यानं मान हलवली. "म्हणजे मी परक्या बाईच्या गाडीत बसून माझ्या बायकोच्या आठवणी काढल्या," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर कानसेनला कुठंतरी उभं राहायला जागा मिळाली असती. मग म्हाताऱ्यानं तोंड खिडकीकडे केलं आणि आता या, म्हणाला.

ताई त्याला सोडायला जिन्यापर्यंत आली. दार मागे ओढून घेऊन हळू आवाजात म्हणाली, "मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. मी गप्प बसले, ते माझं पाप माझ्याशी. पण तीन आठवडे बाबा नीट जेवत होते. तुम्ही आज आलात ते कोणासाठी आलात?"

कानसेनला उत्तर ठाऊक होतं. तो जिना उतरला.

पुढचे दिवस एकामागून एक अंगावर आले. डॉक्टर येऊन वाटेल ते बोलून गेला. चार महिने गप्प राहिलात, अजून दोन राहता येत नव्हतं का, असं म्हणाला. कानसेननं ऐकून घेतलं. वकीलबाईंना त्यानं स्वतः होऊन सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी उचलून दुसऱ्या मिस्त्र्याकडे नेली. तुमचा हा सत्याचा मोसम लांबला तर वर्कशॉपला कुलूप लावावं लागेल, असं बायको म्हणाली, पण तिनं त्या दिवशी चहा त्याच्या हातात आणून दिला आणि शेजारी बसून राहिली.

सराव-दिवसाच्या आदल्या दिवशी ताईचा फोन आला. बाबांना ट्रॅकवर यायचंय. भावाला सांगितलंय. तुम्ही तिथं असावं, असं बाबांनी सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. ट्रॅकच्या कडेच्या शेडमध्ये राखाडी गाडी उभी होती, दारावर पांढऱ्या गोलात आकडा. म्हातारा पांढरी काठी टेकत लेकीबरोबर आला, गाडीच्या टपावर हात ठेवला आणि कानसेनला म्हणाला, "सांगा. काय काय काढलं ते सगळं सांगा."

कानसेननं सांगायला सुरुवात केली. सीटा चार. गालिचे. छताचं कापड. घड्याळ. डॅशबोर्ड. काचा, समोरची सोडून सगळ्या. दारांची हँडलं. मागच्या सीटची जागा. चारी कमानी, तीन-तीन बोटं. डॉक्टर हेल्मेट हातात धरून उभा होता, शर्यतीच्या पोशाखातला पन्नाशीचा माणूस, आणि यादी जशी वाढत गेली तशी त्याची मान खाली गेली. म्हाताऱ्यानं मधे एकदाही थांबवलं नाही. कमानीवरून हात फिरवताना फक्त बोटं कापलेल्या कडेशी जरा रेंगाळली. कड गुळगुळीत होती. ते काम कानसेननं फार चांगलं केलं होतं.

"वजन किती उतरलं?"

"एकशे नव्वद किलो."

"बरंच," म्हातारा म्हणाला. मोजणी करणाऱ्या माणसाला आकडा आवडल्यावाचून राहिला नाही, आणि आवडल्याबद्दल त्याला स्वतःचाच राग आल्यासारखं त्याच्या तोंडावर दिसलं. आत बसायचंय का, असं ताईनं विचारलं. पिंजऱ्याच्या आडव्या नळीवरून पाय टाकून आत जावं लागणार होतं. म्हाताऱ्यानं नळी चाचपली, तिची उंची हातानं घेतली आणि नको म्हणाला.

डॉक्टर बसला, इंजिन चालू झालं. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज छातीवर आदळला. गाडी बाहेर पडली आणि म्हातारा मान तिरकी करून ऐकत राहिला. दोन फेऱ्या झाल्या. तिसरीत तो म्हणाला, "लांबच्या वळणाला हा फार लवकर पाय उचलतो. भितो."

"हो," कानसेन म्हणाला. त्यालाही तेच ऐकू आलं होतं.

"गाडी चांगली आहे, मिस्त्री. हे मी म्हणणार आहे, कारण ते खरं आहे. पण ही माझी आहे, असं कोणी मला सांगू नका. माझीचा आवाज मला पाठ होता."

कानसेनला वाटलं की काहीतरी म्हणावं. माफ करा, हा एकच शब्द तोंडाशी होता, पण तो त्यानं त्या रविवारीच चार वेळा वापरून झिजवला होता.

पाचव्या फेरीनंतर ताई भावाशी बोलायला पुढे गेली. दोघं कुंपणापाशी बोलत राहिली, बराच वेळ, आणि त्यात भाऊच जास्त ऐकत होता. म्हाताऱ्याचे पाय दमले होते. बाकं प्रेक्षकांच्या मांडवात होती, मधे खडी आणि वायरींची जाड वेटोळी. जवळ कानसेनशिवाय कोणी नव्हतं. म्हाताऱ्यानं हात पुढे केला, हवेतच जरा थांबवला, आणि मग त्याचं कोपर धरलं. पकड हलकी होती, जेवढ्यास तेवढी.

ते सावकाश चालले. वायर आली तिथं कानसेननं सांगितलं, म्हाताऱ्यानं पाय उचलला. मांडवाशी सिमेंटचा चौथरा होता.

"पायरी आहे, काका. एकच. वीतभर उंच."

म्हातारा थांबला. त्यानं काठी पुढे केली, पायरीची कड टोकानं शोधली, उंची दोनदा ठोकून घेतली, रुंदी घेतली. मग पाय टाकला. कानसेन कोपर स्थिर धरून उभा राहिला आणि त्यानं घाई केली नाही.